अनोळखी तिकीट सापडलंय? आधी पाण्यापासून लांब ठेवा

आजोबांचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम उघडा, नाहीतर रविवारी जुन्या बाजारातून पाकीटभर सुटी तिकिटं आणा, त्यात एखादं असं निघतंच: ना देशाचा पत्ता, ना ओळखीचा चेहरा. मग सल्ले सुरू होतात. ‘मोबाइलला फोटो दाखव.’ ‘कोमट पाण्यात सोड, कागद सुटला की मागून बघ.’ पहिल्या सल्ल्याने नुसता वेळ जातो, दुसऱ्याने तिकीटच जातं.

चिमटा, भिंग, खिडकीचा उजेड. तिकिटावरचं एकूण एक अक्षर वहीत उतरवा. लिपी येत नसेल तर चित्र काढल्यासारखं काढा. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मग्यार म्हणजे हंगेरी, एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच कोडी सुटतात. देशाचं नावच नाही पण राजाराणीचं डोकं आहे, तर आधी ब्रिटन धरा. आणि नुसती देवनागरी दिसली म्हणून ‘असेल काहीतरी स्थानिक’ असं म्हणत बाजूला टाकू नका. आपल्या पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ आणि १९०१ मध्ये स्वतःची टपाल तिकिटं काढली होती.

आता खरी मेख: हे टपालाचं आहे की नाही?

किंमत छापली आहे, एवढ्यावर जाऊ नका. आणे-रुपये कोर्ट फीच्या तिकिटावरही असतात. शब्द शोधा. पोस्टेज, पोस्टा, कोरेओस, रशियन पोच्ता यांपैकी काही असेल तर बहुधा टपाल. नुसतं रेव्हेन्यू, कोर्ट फी, जर्मन श्टेम्पेलमार्के असेल तर सरकारी महसूल. यातलं काहीच नाही आणि किंमतही नाही, तर ते बहुधा नुसतं लेबल. संग्राहक त्याला ‘सिंड्रेला’ म्हणतात. त्यावर दोन आडव्या दांड्यांचा क्रॉस दिसला तर शोध थांबवा, ते क्षयरोग निधीचं सील आहे, म्हणजे मदतीसाठी विकलेलं लेबल. डेन्मार्कमधल्या आयनार होल्बोल नावाच्या टपाल कर्मचाऱ्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. १९०४ च्या नाताळात तिथे पहिलं सील विकलं गेलं आणि मग ती जगभर पसरली, भारतातही.

‘शिक्का पडलाय, म्हणजे टपालाचंच’ हे वाक्य मी पुन्हा ऐकलं तर चिमटा फेकून मारीन. पाकिटावर तिकिटाला खेटून सील चिकटवलं की पोस्टाचा गोल शिक्का दोघांवर पडतो. उलटही घडतं. १९०६ पासून आपल्याकडे अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ छापलं जाऊ लागलं; तेच तिकीट पत्राला चाले आणि पावतीलाही. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं. त्यामुळे राजाच्या नाकावरून कुणा सावकाराची निळी सही गेलेली दिसली तर ते पत्रावर नव्हे, पावतीवर वापरलेलं आहे. तिकीट तेच, आयुष्य वेगळं.

म्हणून तिकिटाखालचा कागद महत्त्वाचा. हे मी भलत्याच किमतीला शिकलो. कॉलेजात असताना मंगळवार पेठेतल्या त्याच बाजारात मला गुलाबी रंगाचं एक तिकीट मिळालं, मागे दोन बोटं रुंदीचा कागद चिकटलेला. मी ते बशीत पाण्यात टाकून चहा प्यायला गेलो. परत आलो तर पाणी गुलाबी आणि तिकीट पांढुरकं! पुसून वापरता येऊ नये म्हणून अशा तिकिटांना मुद्दाम कच्ची शाई वापरत, हे तेव्हा कोण सांगणार? त्याहून मोठी चूक पुढची. सुटलेल्या कागदावर मोडीतल्या अडीच ओळी होत्या. ‘घाण’ म्हणून मी तो चुरगळून टाकला. त्या ओळींत गावाचं नाव असेल, तारीख असेल, निदान दस्त कसला ते तरी असेल. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत चालत गेलो असतो, तर मोडी वाचणारं कुणीतरी भेटलं असतं.

तेव्हा तिकीट कागदावर असेल तर कागदासकट ठेवा, पाकिटावर असेल तर अख्खं पाकीट ठेवा. ‘नीट कापून घेतो’ हेही नको.

तिकिटाच्या कडेचे दाते मोजणं सोपं: दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा. जलचिन्ह, म्हणजे कागदातच असलेली फिकट खूण, उजेडाकडे धरून बघा.

मग कॅटलॉग. नेहमीचे जाडजूड कॅटलॉग टपाल तिकिटांचे असतात, त्यामुळे तिथे सापडलं नाही म्हणजे ‘दुर्मिळ’ असं समजून नाचू नका. महसुली तिकिटांचे कॅटलॉग वेगळे असतात. तरीही नाही लागलं तर पारदर्शक कप्प्यात ठेवा आणि सोबत पेन्सिलीने चिठ्ठी लिहा: कुठून मिळालं, कधी, मागे काय होतं. तिकिटावर मात्र काही लिहायचं नाही.

माझ्या त्या पांढुरक्या तिकिटाच्या चिठ्ठीवर तीस वर्षं एकच ओळ आहे: ‘कोर्ट फी, संस्थान? कागद मीच फेकला.’