एकच मेलबॉक्स अन चार कॉम्प्युटर: लॉकिंगच्या या चुका टाळा

आपल्या इकडं जिनिंग म्हणा, शेतकरी कंपनी म्हणा नाहीतर गावातली पतसंस्था म्हणा, ऑफिसचा ईमेल एकच असते अन पाहणारे तीन-चार जण. मग कोणीतरी मेलचा फोल्डर एका कॉम्प्युटरवर शेअर करून देते, बाकीचे लॅनवरून तोच उघडतात. थोडे दिवस बरं चालते, मग एखाद दिवशी कापसाच्या पेमेंटचा मेल अर्धाच दिसते, दोन मेल एकमेकात घुसलेले दिसतात, अन लोकं व्हायरस समजून कॉम्प्युटर फॉरमॅट मारतात. फॉरमॅट नका मारू, आधी लॉकिंग तपासा, म्हणजे एक जण फाइलमध्ये लिहीत असताना दुसऱ्याला थांबवायची सोय.

मेल साठवायच्या एमबॉक्स प्रकारात सगळा इनबॉक्स म्हणजे एकच फाइल असते. नवीन मेल शेवटी जोडला जाते, मधला मेल कायमचा काढला की पुढची फाइल परत लिहावी लागते. नेमकं त्याच वेळेस दुसऱ्या प्रोग्रॅमनं मेल जोडला तर फाइल बिघडते. म्हणून लिहिण्याआधी लॉक घ्यायचं.

आता सगळ्यात मोठी चूक इथंच होते. लॉकचे प्रकार तीन-चार आहेत: डॉटलॉक, म्हणजे बाजूला डॉट लॉक नावाची छोटी फाइल बनवणं, मग एफसीएनटीएल अन एफलॉक, हे दोन सिस्टीमकडून मागायचे लॉक. लिनक्सवर हे सगळे सामंजस्यावर चालतात, सिस्टीम कोणाला अडवत नाही, म्हणजे मेल टाकणारा प्रोग्रॅम डॉटलॉक घेते अन वाचणारा फक्त एफसीएनटीएल पाहते तर दोघांनाही रस्ता मोकळाच दिसते अन दोघंही एकदम लिहितात! पोस्टफिक्स (मेल टाकणारा), डोव्हकॉट (मेल वाचायला देणारा) जे काही असेल त्या दोन्हीकडं लॉकची सेटिंग सारखी ठेवा, अन क्रमही सारखा ठेवा, नाहीतर एक जण पहिलं लॉक धरून बसते, दुसरा दुसरं, अन दोघंही अडकतात.

एनएफएसवर, म्हणजे लिनक्समधून लॅनवर फोल्डर शेअर करायच्या पद्धतीत, जोडलेला फोल्डर (माउंट) लटकते म्हणून काही जण नोलॉक ऑप्शन टाकून देतात. लटकणं थांबते खरं, पण एनएफएस ३ मध्ये मग लॉक त्याच मशीनपुरतं राहते, बाजूच्या कॉम्प्युटरला पत्ताच नसते. मेल ठेवायचे असतील तर हे अजिबात करू नका. एनएफएस ३ ला लॉकसाठी वेगळी सर्व्हिस लागते अन फायरवॉल तीच अडवते बरेचदा. एनएफएस ४ मध्ये लॉकिंग आतच आहे, २०४९ हा एकच पोर्ट मोकळा ठेवला की झालं, जमत असेल तर तेच घ्या.

लाईन गेली की वेगळाच घोळ. इन्व्हर्टर नसला तर मशीन धाडकन बंद होते, डॉट लॉक फाइल तशीच राहते, अन लाईन आल्यावर मेलबॉक्स लॉक आहे असा मेसेज येते. लगेच डिलीट मारू नका. फाइलची वेळ पाहा, आत प्रोसेस नंबर असला तर तो कोणत्या कॉम्प्युटरचा ते पाहा, कारण तो नंबर दुसऱ्या मशीनवर शोधून उपयोग नाही. सगळीकडं मेल प्रोग्रॅम बंद आहे अशी खात्री झाली की मगच काढा. घड्याळही पाहा बरं! जुन्या मशीनचा सीमॉस सेल, म्हणजे आतलं घड्याळ चालवणारा छोटा सेल, संपला की तारीख कुठल्या कुठं जाते, अन लॉक जुनं की ताजं हे वेळेवरून ठरवणारा प्रोग्रॅम फसते. सेल बदला, एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवायची सोय, चालू करा.

आउटलुकवाल्यांसाठी एवढंच की पीएसटी फाइल (आउटलुक मेल ठेवते ती) शेअर फोल्डरवर ठेवायची नाही, मायक्रोसॉफ्ट स्वतःच नाही म्हणते. बिघडलीच तर आधी कॉपी काढा, मग स्कॅनपीएसटी हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवा.

माझं मत विचाराल तर फाइल शेअरच करू नका, आयमॅप सर्व्हर, म्हणजे मेल एका जागी ठेवून सगळ्यांना दाखवणारा प्रोग्रॅम, लावा अन सगळ्यांना त्याच्यातूनच पाहू द्या. सर्व्हरवर मेल मेलडिर प्रकारात ठेवा. क्यूमेल हा मेल सर्व्हर बनवणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइननं हा प्रकार असा बनवला की प्रत्येक मेलची फाइल वेगळी, टेम्प फोल्डरमध्ये पूर्ण लिहून मग न्यू फोल्डरमध्ये सरकवायची, त्यामुळं मेल टाकताना लॉक लागतच नाही. फक्त मेलडिर विंडोजच्या ड्राइव्हवर टाकू नका, त्याच्या फाइलच्या नावात कोलन असते अन विंडोजला ते चालत नाही. अन एमबॉक्समधून मेल हलवायच्या आधी सगळे प्रोग्रॅम बंद करून जुन्या फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर काढून घ्या.