हवामान परिषदेचा निर्णय खानदेशातून कसा वाचावा

संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद बहुधा नोव्हेंबरात, म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणी चालू असतानाच भरते. तिची बातमी हाती आली की ‘ऐतिहासिक करार’ किंवा ‘परिषद फसली’ या मथळ्यापाशी न थांबता, कोणी काय कबूल केले आणि त्याला बांधून ठेवणारे काय आहे, हे आधी शोधावे. १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडले जाणारे तापमानवाढ करणारे वायू, घटवण्याचे बंधन केवळ विकसित देशांवर होते. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश स्वतःचे उद्दिष्ट ठरवतो, दर पाच वर्षांनी नवे सादर करतो आणि प्रगतीचा अहवाल देतो. मात्र उद्दिष्ट हुकले तरी दंड नाही.

त्यानंतर उद्दिष्टाचे माप पाहावे. सर्वांत मोठी गफलत इथेच होते, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. भारताने २०२२ मध्ये जाहीर केलेली ४५ टक्के घट ही एकूण उत्सर्जनातली नसून, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) प्रत्येक रुपयामागे होणाऱ्या उत्सर्जनातली आहे. अर्थव्यवस्था वाढत असताना एकूण उत्सर्जन वाढूनही ती साधता येते. त्याचप्रमाणे स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांचा करण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. ही कामगिरी माझ्या मते खरोखर मोठी आहे. तरीही क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे: साक्री तालुक्यातील १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सूर्य मावळला की थांबतो आणि भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातला कोळसा रात्रीही जळतो, त्यामुळे निम्मी क्षमता झाली म्हणजे निम्मी वीज झाली असे समजू नये.

पैशाचा आकडा दिसल्यास तो अनुदानाचा की कर्जाचा, हे विचारावे. विकसित देशांनी विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे कबूल केले होते. तो आकडा २०२२ मध्ये पार झाला आणि त्यात मोठा वाटा कर्जाचा होता. बाकू येथील २०२४ च्या परिषदेत ठरलेल्या, २०३५ पर्यंत गाठायच्या वार्षिक ३०,००० कोटी डॉलरवर भारताने उघड आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. जळगाव जिल्ह्यातील गावांत आलेला ‘पोकरा’ म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पही जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ मध्ये उभा राहिला. गाव त्या प्रकल्पात असेल तर ग्राम कृषी संजीवनी समितीकडे गावाचा आराखडा मागावा, आणि त्यातली किती कामे प्रत्यक्ष शिवारात उतरली हे ग्रामसभेत विचारावे. परकीय कर्जाचा हिशेब गावात विचारण्याची हीच जागा आहे.

हवामान बदलाने झालेल्या हानीसाठी गरीब देशांना मदत देणाऱ्या हानी-नुकसान निधीबाबत विशेष सावध राहावे. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या परिषदेत मान्य झालेला हा निधी देशांच्या पातळीवरचा आहे; वादळात आडव्या झालेल्या रावेर-यावलच्या केळीबागांचे पैसे त्यातून थेट बागायतदाराच्या खात्यात येणार नाहीत. त्यासाठी महसूल व कृषी खात्याचा पंचनामा आणि हवामानावर आधारित फळपीक विमा हेच मार्ग आज उपलब्ध आहेत, म्हणून विम्याचा हप्ता मुदतीत भरावा आणि पावती जपून ठेवावी.