काउन्सिल टॅक्सचा बँड चुकीचा वाटतोय? अर्ज करण्याआधी या चुका टाळा

पुण्या-मुंबईत घरपट्टी जास्त आली की आपण वॉर्ड ऑफिस गाठतो. इंग्लंडमध्ये घर घेतल्यावरही, घरपट्टीसारखा काउन्सिल टॅक्स जास्त वाटला की आपली माणसं त्याच सवयीने काउन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, फोन लावतात, अर्धा तास ताटकळतात आणि शेवटी "हे आमच्या हातात नाही" एवढंच ऐकून फोन ठेवतात. ते खरंच त्यांच्या हातात नसतं. काउन्सिल बिल पाठवते आणि पैसे घेते. तुमचं घर ए ते एच या आठ बँडपैकी, म्हणजे कर ठरवणाऱ्या किमतीच्या टप्प्यांपैकी, कुठल्यात बसतं, हे सरकारचं व्हॅल्युएशन ऑफिस ठरवतं.

काउन्सिलकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते. पूर्णवेळ विद्यार्थी प्रौढांच्या मोजणीत धरत नाहीत. घरात अपंग व्यक्ती असेल आणि तिच्यासाठी जादा खोली, दुसरं न्हाणीघर किंवा आत व्हीलचेअर फिरवायला जागा लागत असेल, तर बिल एक बँड खालचं होऊ शकतं. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर आधी ते मागून घ्या. त्याला पुरावे कमी लागतात आणि बँडला धक्काही लागत नाही.

आता बँडकडे वळू.

आजची किंमत विसरा

"एवढं छोटं घर, आणि डी बँड?" असं म्हणताना आपल्या डोक्यात घराची आजची किंमत असते. इंग्लंडमधला बँड मात्र तुमचं घर १ एप्रिल १९९१ रोजी बाजारात किती पौंडांना गेलं असतं, यावर ठरतो. ए म्हणजे ४०,००० पौंडांपर्यंत, बी ५२,०००, सी ६८,०००, डी ८८,०००, ई १,२०,०००, एफ १,६०,०००, जी ३,२०,००० पर्यंत आणि त्यापुढे एच. घर २०१९ साली बांधलेलं असलं तरी ते १९९१ मध्ये उभं होतं असं धरूनच किंमत लावतात. वेल्समध्ये हीच तारीख १ एप्रिल २००३ आहे आणि तिथे आय नावाचा नववा बँडही आहे. स्कॉटलंडमध्ये तारीख १९९१ चीच, पण किमतींचे टप्पे वेगळे आणि बँड ठरवण्याचं काम असेसर या तिथल्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे. लीड्सच्या मित्राचा अनुभव ग्लासगोला जशाच्या तसा लावू नका.

बँड चुकलेले असू शकतात, यात मला शंका नाही. आधीच्या पोल टॅक्सविरुद्ध, म्हणजे माणशी लावलेल्या कराविरुद्ध, लोक रस्त्यावर उतरल्यावर १९९३ च्या एप्रिलपर्यंत नवा कर घाईने उभा करावा लागला. लाखो घरांना किंमत लावायची होती. त्यासाठी इस्टेट एजंटांनाही कामाला लावलं, आणि पुष्कळ घरं गाडीत बसून, रस्त्यावरूनच बघितली गेली. म्हणून तक्रार करायला लाजू नका, फक्त ती नीट करा.

नीट न केलेल्या तक्रारी साधारण अशा असतात: बिल दरवर्षी वाढतं, कचरा वेळेवर उचलत नाहीत, भिंतीला ओल आहे, बॉयलर जुना आहे. बँडच्या बाबतीत यातलं काहीच चालत नाही. घर बऱ्यापैकी डागडुजी केलेलं आहे असं गृहीत धरूनच किंमत लावलेली असते.

इंटरनेटवरचा हिशेब पुरावा नव्हे

आजच्या किमतीवरून १९९१ ची किंमत काढून देणारे हिशेब सहज मिळतात. स्वतःचा अंदाज घ्यायला ते जरूर वापरा, पण अर्जाला जोडू नका. घरांच्या सरासरी किमतीचे आकडे व्हॅल्युएशन ऑफिस पुरावा म्हणून घेत नाही, मग ते कितीही मोठ्या बँकेचे किंवा संकेतस्थळाचे असोत. विक्रीची किंमत पुरावा म्हणून द्यायची तर इंग्लंडसाठी ती १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळातली हवी. अडचण अशी की लँड रजिस्ट्रीच्या विक्री किमती ऑनलाइन मिळतात त्या १९९५ पासूनच्या. त्याआधीचं शोधायला गावच्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात, नाहीतर शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागतं.

आमचं काम शेजारच्या आजींमुळे झालं. आमचं घर १९३० च्या दशकातलं, एक भिंत त्यांच्या घराला लागून. जिना, खिडक्या, मागची बाग, सगळं आरशात दिसावं तसं उलट. त्यांचा बँड डी, आमचा ई. मी भीतभीतच विषय काढला, तर त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली घेतला. आत रबर बँड लावलेले कागद होते, आणि त्यात त्यांच्या सॉलिसिटरचं १९९१ च्या सप्टेंबरचं पत्र: खरेदीची किंमत ८३,००० पौंड. त्यांच्या परवानगीने मी त्याची प्रत काढून जोडली. माझ्या दोन पानांच्या मुद्देसूद पत्रापेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केलं.

"दिसायला सारखं" पुरत नाही

तुमच्यासारखी, पण खालच्या बँडमधली पाचपर्यंत घरं तुलनेसाठी देता येतात. लोक सरळ समोरची पाच घरं लिहून मोकळे होतात, आणि इथेच सगळ्यात जास्त अर्ज कोसळतात. वय, धाटणी, प्रकार आणि आकार, चारही जुळायला हवेत, आणि घरं शक्यतो तुमच्याच रस्त्यावरची किंवा वसाहतीतली हवीत. टेरेसची (रांगेत जोडलेल्या घराची) तुलना सेमीशी (एकाच बाजूने जोडलेल्या जोडघराशी) नको, १९३० च्या घराची १९७० च्या घराशी नको. नव्या वसाहतीत राहत असाल तर बिल्डरच्या माहितीपत्रकात तुमच्या घराच्या नमुन्याला काय नाव आहे ते बघा आणि त्याच नमुन्याची घरं शोधा.

बँड सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून कुणालाही बघता येतात. आकारासाठी घरांची ऊर्जा प्रमाणपत्रं उपयोगी पडतात, कारण त्यांवर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं आणि तीही पोस्टकोडने सापडतात. मात्र ते माप आतलं असतं. व्हॅल्युएशन ऑफिस घरं बाहेरून मोजतं आणि फ्लॅट आतून. त्यामुळे प्रमाणपत्राची तुलना प्रमाणपत्राशीच करा, स्वतः टेपने घेतलेल्या मापाशी नको.

बँड वरही जाऊ शकतो

हे न तपासता अर्ज करणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. फेरतपासणीत बँड खाली येतो, तसाच राहतो किंवा वर जातो. तुलनेला दिलेल्या शेजाऱ्यांचेच बँड चुकीचे निघाले तर त्यांचेही वाढू शकतात. आयुष्यभर शेजारी राहायचंय, तेव्हा त्यांची घरं लिहिण्याआधी त्यांच्याशी बोला.

खास करून वाढवलेलं घर विकत घेतलं असेल तर जपून. मालकाने मागे खोली काढली तरी तो तिथे राहतो तोवर बँड वाढत नाही. घर विकलं गेलं की मात्र नव्याने बघतात आणि वाढीव बँड नव्या मालकाच्या नावावर येतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने चार समान घरं शोधून अर्ज भरायला घेतला होता. त्यांच्या घरामागची खोली आधीच्या मालकाने नंतर बांधलेली आहे हे ऐनवेळी लक्षात आलं. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला, आणि माझ्या मते बरोबरच केलं.

सहा महिने हातचे घालवू नका

नव्या घरात आवराआवरी करण्यात हे महिने कसे निघून जातात कळत नाही. काउन्सिल टॅक्स तुमच्या नावावर लागला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत रीतसर आव्हान देण्याचा हक्क असतो. तो भाडेकरूलाही आहे, कारण हक्क कर भरणाऱ्याचा असतो. त्यावरचा निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं, तेही विनाशुल्क. घराचा काही भाग पाडला, एका घराचे दोन फ्लॅट केले किंवा ऑफिसने स्वतःहून बँड बदलला, तरी हा रीतसर मार्ग उघडतो. एरवी सहा महिन्यांनंतर फक्त फेरतपासणीची विनंती उरते. पुरावा भक्कम असेल तर तीही यशस्वी होते, पण नकार आला तर ट्रायब्युनलचं दार बंद असतं.

"तुमचा बँड कमी करून देतो" म्हणून फोन करणाऱ्यांना परताव्यातला वाटा देऊ नका. सगळी प्रक्रिया फुकट आहे आणि हे लोक तुम्हाला जमणार नाही असं काहीच करत नाहीत. निकाल लागेपर्यंत हप्तेही थांबवू नका. थकबाकीच्या नोटिसा येतात आणि अर्ज चालू आहे हे कारण ऐकलं जात नाही.

परतावा किती मिळेल, तर समजा तुमच्या भागात डी बँडचं बिल १,८०० पौंड आहे. सीचं १,६०० होईल, ईचं २,२००. ईवरून डीवर आलात तर वर्षाचे ४०० पौंड वाचतात, आणि हा फरक तुम्ही त्या घराचा कर भरायला लागलात तिथपासून मोजतात, फार तर १ एप्रिल १९९३ पर्यंत मागे. नवं बिल काउन्सिलच पाठवते. जादा भरलेले पैसे पुढच्या हप्त्यांत वळते करून घ्यायचे की बँकेत परत हवेत, ते त्यांना तेव्हाच लिहून कळवा.