गाव सुटल्याची कविता लिहिताना

स्थलांतराची कविता लिहायला घेण्यापूर्वी आपले गाव कोणत्या रीतीने सुटले, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, कारण विस्थापनाचे दुःख सर्वांचे सारखे नसते. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात ज्यांची गावे बुडाली, त्यांना परतायला जागाच उरली नाही. साताऱ्याहून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कामगाराचे गाव जागच्या जागी होते. मात्र १९८२ च्या संपानंतर परतलेल्या अनेकांना गावात आपले स्थान नव्याने शोधावे लागले. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांचे गाव आहे, तेथे बांधलेले घरही आहे, परंतु त्या घराला एरवी कुलूप असते.

गलाईवाल्यांच्या घरातील कवीने बोलणारा कोण, हे विशेष जपून ठरवावे. पाऊस नाही म्हणून बाहेर पडलेल्या आजोबांजवळ आठवणी होत्या. तमिळनाडूत जन्मलेल्या नातवाजवळ त्या नाहीत, आणि म्हणून त्याने आजोबांच्या वतीने चुलीवरच्या भाकरीसाठी व्याकूळ होणे मला खोटे वाटते. त्याचे स्वतःचे दुःख वेगळे आहे: जिथे तो वाढला तिथे तो परका समजला जातो, आणि यात्रेला गावी आला की त्याच्या मराठीचा हेल ऐकून चुलतभाऊ हसतात. हा अवघडलेपणा त्याने लिहावा. मनात तमिळ शब्द आधी आला असेल, तर तो अर्थ न देता ओळीत तसाच राहू द्यावा.

पहिल्या खर्ड्यात ओढ, हुरहूर, मुळे, अस्मिता असे शब्द वापरू नयेत. त्यांऐवजी मूस, भट्टी, तेजाबाची वाफ, यात्रेच्या आधी गावाकडून येणारा फोन अशा प्रत्यक्ष गोष्टी मांडाव्यात. धरणग्रस्त कुटुंबातील कवीने घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या शेतांची नावे विचारावीत. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण माणसे शेताला त्यातील झाडावरून, दगडावरून, एखाद्या पूर्वजावरून हाक मारतात. पुनर्वसनात मिळालेली जमीन क्रमांकासह हाती येते, ते नाव मात्र सोबत येत नाही. अशी चार-पाच नावे मिळाली, तरी कवितेचा कणा उभा राहतो.

रचनेसाठी जात्यावरच्या ओवीकडे अवश्य पाहावे. माहेर सोडून आलेल्या बाईची ती कविता असल्याने आपल्या भाषेतील स्थलांतराची कविता तिच्यापासूनच मोजावी, असे माझे मत आहे. ओवीतील बाई दुःखाविषयी सर्वांना उद्देशून बोलत नाही. ती भावाला, आईला किंवा विठ्ठलाला हाक मारून बोलते. आपणही कवितेला असा एक ऐकणारा द्यावा, म्हणजे भाषणबाजी आपोआप गळते.

लिहून झाल्यावर कविता प्रथम गावी मागे राहिलेल्या नातेवाइकाला वाचून दाखवावी. तो पीक, वाट किंवा नाते यांत चूक काढील, तर ती सुधारावी. मात्र एखादी ओळ केवळ त्याला बोचली म्हणून ती गाळू नये.