जेटचं मॉडेल वेगळंच दिसतंय? कापाकापीआधी या चुका टाळा

विमाननगर, धानोरी, कळस या भागात राहणाऱ्यांना सुखोई हे लढाऊ विमान ओळखायला वर बघावं लागत नाही, आवाज पुरतो. सुखोई-३० एमकेआय २००२ साली हवाई दलात रीतसर दाखल झालं तेही पुण्यातल्या लोहगावच्या तळावरच. साहजिकच पुण्यातल्या मॉडेलवाल्यांचा या विमानावर जीव आहे आणि किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा डबा, उघडल्या उघडल्या ‘नाक फुगलंय’, ‘कॅनॉपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) बसकी आहे’ अशी चर्चा सुरू होते. किटचे आकार चुकतात, नावाजलेल्या कंपन्यांचेही चुकतात. पण करवत हातात घेण्याआधी आपण तुलना कशाशी आणि कशी करतोय ते तपासा. घोळ बरेचदा तिथेच असतो.

जवळून काढलेला फोटो

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मॉडेल टेबलावर ठेवायचं, वीतभर अंतरावरून मोबाइलने टिपायचं आणि तो फोटो खऱ्या विमानाच्या फोटोशेजारी लावायचा. एवढ्या जवळून नाक मोठं आणि शेपटी बारीक दिसणारच. हा फरक अंतरामुळे पडतो, म्हणून अंतरही स्केलमध्ये आणा. विमानाचा फोटो ३६ मीटरवरून काढलेला असेल, तर १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मॉडेल ५० सेंटिमीटरवरून टिपा आणि १/४८ चं ७५ सेंटिमीटरवरून. फोटो नंतर क्रॉप केला तरी बिघडत नाही.

मूळ अंतर माहीत नसेल, तर फोटोतलं अलीकडचं आणि पलीकडचं मुख्य चाक बघा. त्यांच्या आकारांचं प्रमाण मॉडेलच्या फोटोत तसंच येईपर्यंत मोबाइल मागेपुढे सरकवा. उंचीही जुळवायला हवी. उभ्या माणसाने दीड मीटर उंचीवरून काढलेला फोटो १/७२ मध्ये टेबलापासून जेमतेम २१ मिलिमीटरवर येतो. मोबाइल उलटा धरून लेन्स खाली आणली की हे जमतं. एवढं केल्यावर किटच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, संदर्भासाठी लोहगावला फोटो काढायच्या फंदात पडू नका. तो हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटोला मनाई आहे. प्रसिद्ध झालेले भरपूर फोटो मिळतात, तेच वापरा.

भलत्याच उपप्रकाराशी तुलना

चीनसाठी बनलेलं सुखोई-३० एमकेके आणि आपलं एमकेआय एकच समजू नका. एमकेकेच्या उभ्या शेपट्यांची टोकं सपाट आहेत, एमकेआयची तिरकी छाटलेली. एमकेआयला कॅनार्ड, म्हणजे मुख्य पंखांपुढचे छोटे पंख, आहेत, एमकेकेला नाहीत. मिग-२१ मध्ये तर पाठीचा उंचवटाच प्रकारागणिक बदलतो: एफएल या प्रकाराची पाठ सडपातळ, बिस या प्रकाराची भरलेली. एफएलची कॅनॉपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, बिसची कडेला उघडणारी. आधी प्रकार पक्का करा, मग दोष काढा.

ड्रॉइंगवर आंधळा विश्वास

छापील ड्रॉइंग एकमेकांवरून उतरवलेली असतात, चुकांसकट. त्यात झेरॉक्सवाल्याने ‘फिट टू पेज’ दाबलं की संपलंच. पंखांचा विस्तार आधी मोजा: सुखोई-३० चा १४.७ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये २०४ मिलिमीटर. मिग-२१ चा ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये १४९. लांबी मोजताना जपून, कारण मिग-२१ ची लांबी कुठे पिटो नळीसकट (नाकापुढची वेग मोजणारी लांब नळी) देतात, कुठे नळी वगळून.

लांबी-रुंदी बरोबर आली म्हणजे आकार बरोबर आला असं मात्र नाही. खरी चूक बहुधा आडव्या छेदात लपलेली असते. नाक समोरून बघा, कॅनॉपीपुढचा उतार बघा.

आपणच बिघडवलेला आकार

धडाचे दोन भाग चिकटवून सांधा घासत राहिलं की गोल नाक लंबगोल होतं. १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटर घासला म्हणजे खऱ्या विमानाचे ३६ मिलिमीटर गेले. मिग-२१ चे पंख मुळापासून टोकाकडे २ अंश खाली झुकतात, १/४८ मध्ये टोक साधारण २ मिलिमीटर खाली. पंख सरळ बसवले तर विमानाचा सगळा डौल जातो. गोंद सुकेपर्यंत पुठ्ठ्याचा साचा लावून ठेवा.

चूक खरोखर किटचीच निघाली, तर सांध्यात प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घालून रुंदी वाढवता येते आणि फुगवटा इपॉक्सी पुट्टीने घडवता येतो. घासण्याआधी त्या भागाचं प्लॅस्टिक किती जाड आहे ते बघा, नाहीतर आरपार भोक पडेल. नाकात वजनासाठी शिशाच्या गोळ्या घालणार असाल, तर त्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांत सांधा उकलतो. इपॉक्सी वापरा, किंवा सरळ स्टीलचे नट घाला.