संग्रहालयांच्या शिक्षण उपक्रमांना पुरस्कार देताना या चुका टाळा

२४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रागमध्ये 'आयकॉम' या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. सर्वसमावेशकता आणि समाजगटांचा सहभाग हे शब्द त्या व्याख्येत आले, आता पुरस्कारांच्या अर्जांतही सर्रास येतात. परीक्षक मात्र त्याच त्या जागी फसतात.

डोकी मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अर्जात हजारोंचा आकडा दिसला की गुण पडतात. त्या आकड्यातला एक दिवस उलगडून बघा. चार बस, २०० मुलं, दीड तास, माहिती सांगणारे दोघं. म्हणजे माणशी शंभर मुलं. आठ दालनं धरली तर दालनाला जेमतेम अकरा मिनिटं, त्यातली निम्मी रांग सरळ करण्यात जातात. मागच्या मुलाला पुढच्याची पाठ दिसते, वस्तू दिसतच नाही. वीस मुलं, एक दालन, पाऊण तास आणि प्रश्न विचारायला मोकळीक देणारा एक माणूस, हा उपक्रम आकड्यात हरतो आणि कामात जिंकतो.

म्हणून एकूण आकडा घेऊच नये. फोड मागावी: महापालिकेच्या शाळांतली किती, आश्रमशाळांतली किती, विशेष शाळांतली किती, आणि पुन्हा घरच्यांना घेऊन आलेली किती? बसभाडं कोणी भरलं, हेही विचारावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून फिरतं संग्रहालय चालवलं आहे. शाळेला येणं परवडत नसेल तर आपण जायचं, हा विचार मोलाचा. पण बस किती गावांत गेली एवढ्यावर थांबू नये, एका मुलाला वस्तूजवळ किती वेळ मिळाला हे तिथंही विचारावं.

फोटोतला ब्रेल

अर्जाला ब्रेल फलकाचा सुंदर फोटो जोडलेला असतो. प्रत्यक्षात फलक भिंतीवर डोक्याच्या उंचीला, सरळ उभा, कधी कधी तर वर अॅक्रिलिकची काच! ठिपके बोटाला लागले तरच ते अक्षर, नाहीतर ती नक्षी. हात वर ताणून उभ्या फलकावर दोन ओळीसुद्धा नीट वाचता येत नाहीत. फलक कमरेच्या आसपास, थोडा तिरका हवा. उलटा बसवलेला फलकही वर्षभर लटकत राहतो, कारण लावणाऱ्यांपैकी कोणालाच ब्रेल येत नाही. शिवाय दृष्टी उशिरा गेलेल्या अनेकांना ब्रेल येतच नाही, त्यांच्यासाठी ऐकता येईल असं वर्णन आणि हाताळता येईल अशी प्रतिकृती लागते. 'छपाईआधी हे कोणा अंध वाचकाकडून तपासून घेतलं का?' एवढा एक प्रश्न पुरतो.

बाकीच्या, थोडक्यात

रॅम्प आहे म्हणून गुण देऊ नका, उतार मोजा. एकास बारा हे प्रमाण धरलं तर ४५ सेंटीमीटरच्या ओट्याला ५.४ मीटर लांबी लागते. दोन मीटरचा रॅम्प व्हीलचेअरसाठी घसरगुंडी आहे.

दोन तासांच्या कार्यक्रमाला सांकेतिक भाषेचा एकच दुभाषी असेल तर अर्ध्या तासानंतर तो थकतो. जोडी हवी.

ज्यांच्या वस्तू मांडल्या त्यांना फक्त उद्घाटनाला बोलावलं असेल तर तो सहभाग नव्हे. त्यांच्या सांगण्यावरून कोणती पाटी बदलली, हे विचारा. गुजरातमध्ये तेजगढला 'वाचा' संग्रहालयात आदिवासी स्वतःच आपल्याबद्दल सांगतात. मोजपट्टी तिथून घ्यावी.

वाचायचं कुठून?

घाईतले नवे परीक्षक चकचकीत पीपीटी बघून निकाल लावतात. अर्ज उघडला की आधी खर्चाचा तक्ता वाचावा. सहभागी समाजातल्या जाणकारांना मानधन, मुलांचा प्रवास, दुभाषी, दुरुस्ती आणि पुढच्या वर्षीची तरतूद, या ओळी आहेत का? मंडप, स्मृतिचिन्हं आणि छायाचित्रणच निम्मा खर्च खात असतील तर बाकीची पानं सावधपणे वाचा. आणि अंतिम यादीतल्या प्रत्येक ठिकाणी न कळवता, कार्यक्रम नसलेल्या दिवशी जाऊन या. वस्तूंचं वर्णन ऐकवणारी यंत्रं चार्ज केलेली आहेत की कपाटात कुलूपबंद, हे तिकीट खिडकीवरचा माणूस लगेच सांगतो.