संत बहिणाबाईंचे आख्यान : नारदीय कीर्तनासाठी बांधणी

शिऊरच्या संत बहिणाबाईंचे चरित्र कीर्तनाला सोपे वाटते. वासरू, मारझोड, स्वप्नातला अनुग्रह, तुकोबांचा देहूतला विरोधक मंबाजी असे प्रसंग ओळीने हाताशी असतात. आख्यान बिघडते ते इथेच, कारण प्रसंग रंगत जातात आणि बहिणाबाई बाजूला राहतात. आख्यानाच्या मध्यभागी एकच प्रश्न ठेवावा : पतिसेवा हाच आपला धर्म असे मनापासून मानणारी ब्राह्मणाघरची बाई देहूच्या तुकोबांना गुरू करते, तेव्हा ती दोन्ही कसे निभावते? याचे उत्तर त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः देऊन ठेवले आहे. म्हणून तयारी गाथेपासून करावी, ऐकीव कथांपासून नको. आत्मचरित्राचे अभंग आधी सलग वाचा, मग प्रत्येक प्रसंगासमोर त्यातला एकेक चरण लिहून ठेवा. ज्या प्रसंगाला त्यांचा चरण सापडत नाही, तो प्रसंग गाळला तरी चालतो.

दोन तासांचे कीर्तन धरले तर नमन आणि ध्रुपदाला 10 मिनिटे, पूर्वरंगाला (अभंगाच्या निरूपणाला) 40, बुक्का-हार आणि नामगजराला 10, उत्तररंगाला (आख्यानाला) 50, शेवटी भैरवी आणि आरतीला 10 अशी वाटणी ठीक बसते.

पूर्वरंगाला ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ हाच अभंग घ्यावा, कारण तो बहिणाबाईंचाच आहे. त्यात संतपरंपरेचे देऊळ उभे राहते : ज्ञानदेव पाया, नामदेव विस्तार, एकनाथ खांब, तुकोबा कळस आणि बहिणी ध्वजा. नेहमी होते असे, की ज्ञानदेवांनी रचलेल्या पायावर अर्धा तास जातो, नामदेव-एकनाथ धावत उरकले जातात आणि तुकोबांच्या कळसापर्यंत पोचायला वेळच उरत नाही. पाया, विस्तार आणि खांब मिळून 20 मिनिटांत आटपा, उरलेली 20 कळसाला आणि ध्वजेला ठेवा. अनेक ठिकाणी हा अभंग कळसाशीच थांबवून गातात. बहिणाबाईंची नाममुद्रा शेवटच्या, ध्वजेच्या चरणात आहे. त्यांच्याच कीर्तनात तो चरण सोडणे फार वाईट.

कळसाच्या निरूपणात त्यांनी सांगितलेली गुरुपरंपरा मांडावी : आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, सच्चिदानंद, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकोबा. ही नावे पाठ हवीत. कागद बघून वाचली की श्रोता तिथेच सुटतो. टाळाच्या ठेक्यावर ओवीच्या चालीत बसवली तर मिनिटभरात होतात. पूर्वरंग मिटवताना परंपरेच्या टोकाला ‘बहिणी’ हे नाव आणून सोडा, म्हणजे उत्तररंग आपोआप उघडतो.

उत्तररंगाची सुरुवात आटोपशीर असावी. वेरूळजवळच्या देवगावात शके 1550 च्या सुमारास जन्म, वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लहानपणीच शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी लग्न, ते तीस वर्षांचे बिजवर. नवव्या वर्षी सगळ्या कुटुंबाने गाव सोडले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत अकराव्या वर्षी कोल्हापूर. एवढे पाच मिनिटांत. गावांची यादी लांबवू नका, पण वणवण जाणवू द्या. एखादी दिंडी किंवा साकी (गेय पद्यप्रकार) इथे बसते.

कोल्हापुरात ज्यांच्या घरी आश्रय मिळाला त्या ब्राह्मणाने दिलेली कपिला गाय आणि तिचे वासरू, हा आख्यानाचा पहिला जड भाग. कीर्तनकार जयरामस्वामींच्या कीर्तनाला वासरू बहिणाबाईंच्या मागे जाते, लोकांत बोलबाला होतो, आणि चिडलेले गंगाधरपंत बायकोला बांधून मारतात. मारझोड सांगताना आवाज चढवू नये आणि हातवारे तर मुळीच नकोत. बहिणाबाईंनी हे अभंगात सरळ शब्दांत सांगितले आहे. त्यांचा चरण म्हणून क्षणभर टाळ थांबवणे पुरते. गाय-वासराने चारापाणी सोडले, पुढे वासरू गेले आणि त्या शुद्ध हरपून पडल्या. चमत्काराचा भाग वाढवला तर पुढचा अनुग्रह त्याच्यापुढे फिका पडतो. या भागाला 12 मिनिटे पुरेत.

अनुग्रहाला मात्र घाई नको. तुकोबांचे अभंग त्यांनी कोल्हापुरात ऐकले होते, तुकोबांना डोळ्यांनी पाहिले नव्हते. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, अशी तुकोबांनी स्वप्नात केलेल्या उपदेशाची तिथी त्यांनी नोंदवली आहे. तिथी स्पष्ट उच्चारून थांबा आणि इथे नामगजर घ्या.

यानंतरचा गंगाधरपंतांचा संताप नीट उलगडला नाही तर सगळे आख्यान कोसळते. शूद्र म्हणून गणलेल्या माणसाला आपली बायको गुरू मानते, लोक तिच्या दर्शनाला येतात, घरात आपल्याला कोण विचारतो? त्यांना नुसता खलनायक केले की पुढे ते आजारी पडतात, पश्चात्ताप होतो आणि तेच कुटुंबासह देहूला निघतात, हे पटत नाही. बहिणाबाईंची बाजूही तितकीच अवघड : पती सोडून देव नको आणि देव सोडून जगणे नको. श्रोत्यांतल्या बायका इथे नेमक्या सावरून बसतात, त्यांना निरूपण पुरवू नका, अभंग पुरवा.

देहूत तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन, मंबाजींचा जाच आणि मुलगी काशीबाईचा जन्म येतो. मंबाजींवर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. त्यांची नक्कल करून हशा मिळतो, पण रस मोडतो. पुढची वर्षे वेगाने घेऊन थेट शिऊरला या : वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचे मराठीकरण, ब्राह्मण कोणाला म्हणावे हा त्यातला प्रश्न, आणि अखेरच्या वेळी मुलगा विठोबाला सांगितलेले मागचे बारा जन्म. कोल्हापुरात मार खाणारी मुलगी इथे गुरू म्हणून बोलते आहे. बारांपैकी दोनच जन्म सांगा.

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या यात मिसळू नयेत. ‘अरे संसार संसार’ ही खानदेशातल्या कवयित्रीची रचना, त्या 1880 ते 1951 च्या. संत बहिणाबाई शके 1622 मध्ये, म्हणजे 1700 साली गेल्या. संयोजकांच्या फलकावर फोटोसुद्धा चुकीचा छापला जातो, म्हणून मजकूर आधी मागवून पाहा.

पेटीवाल्यांना पट्टी आदल्या दिवशी कळवा. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-पाचमध्ये लागतो. पुरुष गाणार असतील तर चाली त्यांच्या पट्टीत पुन्हा घोळवून घ्या. अभंगांच्या चाली चार-पाचच ठेवा, म्हणजे श्रोत्यांनाही धरता येतात. पुण्यतिथी आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेलाच येते. त्या संध्याकाळी घरोघरी आणि देवळांत आरत्या असतात, तेव्हा कीर्तन रात्री साडेआठनंतर लावा, नाहीतर तबलजी आणि टाळकरी दोघेही वेळेवर मिळत नाहीत.